आरए ओपीडीची गुणवत्ता मोजायची तर नेमकं काय मोजायचं?

हडपसर_क्वालिटी

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागासाठी विचारते आहे. ऱ्हुमॅटॉलॉजीची (सांध्यांच्या आजारांची) ओपीडी आठवड्यातून दोनदा असते. एका वेळेला ५०-६० पेशंट, त्यातले निम्म्याहून जास्त आरएचे, म्हणजे आमवाताचे. डॉक्टर एक, रेसिडेंट एक, सिस्टर एक. केसपेपर कागदी आहेत. लॅब आणि बिलिंग तेवढं कॉम्प्युटरवर.

एनएबीएचच्या (रुग्णालयांच्या मानांकनाच्या) निमित्ताने व्यवस्थापनाला दर तिमाहीचे आकडे हवेत. सध्या मोजतो ते दोनच: नंबर लागेपर्यंतचा वेळ आणि समाधानाचा फॉर्म. फॉर्मवर जवळजवळ सगळेच 'उत्तम'वर टिक करतात, कारण तो भरून घेणारी सिस्टर समोरच उभी असते. त्यातून बोटांची सूज उतरली की नाही हे काही कळत नाही.

निर्देशक किती ठेवावेत आणि कोणते? आजाराचा जोर मोजायला डीएएस-२८ हा स्कोअर घ्यावा की सीडीएआय? तिमाहीला किती फाइली पुरतात? आणि इंदापूर, दौंड, करमाळ्याकडचे पेशंट मध्येच यायचे बंद होतात, त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं?

सांधे_२८

मॅडम, सीडीएआय घ्या. डीएएस-२८ ला ईएसआर किंवा सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) लागतो, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत तुमचा पेशंट स्वारगेटला एसटीत बसलेला असतो. औषध लिहून झाल्यावर आलेला स्कोअर फक्त फाइलीच्या कामाचा.

सीडीएआय म्हणजे चार आकड्यांची साधी बेरीज: दाबल्यावर दुखणारे सांधे, सुजलेले सांधे (दोन्ही २८ पैकी), पेशंटच्या मते आजाराचा जोर आणि डॉक्टरांच्या मते जोर (दोन्ही ० ते १०). बेरीज २.८ पर्यंत असेल तर रेमिशन (आजार जवळजवळ शांत), १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र.

ईएसआरची आणखी एक भानगड आहे. आपल्याकडे हिमोग्लोबिन ९ च्या आसपास असलेल्या बायका ओपीडीत ढिगाने येतात, आणि ॲनिमियात ईएसआर तसाही चढलेला असतो. डीएएस-२८ मध्ये ईएसआरच्या नैसर्गिक लॉगला ०.७० ने गुणतात. समजा एकही सांधा दुखत नाही, एकही सुजलेला नाही, पेशंटने त्रास १०० पैकी १० सांगितला आणि ईएसआर ४० आला. ०.७० गुणिले ३.६९ म्हणजे २.५८, त्यात त्रासाचे ०.१४, झाले २.७२. रेमिशनसाठी २.६ च्या खाली लागतं. म्हणजे सांधे ठणठणीत आणि कागदावर आजार चालू. टोसिलिझुमॅबवर याच्या बरोबर उलटं होतं. ते औषध सीआरपी आणि ईएसआर थेट खाली बसवतं, त्यामुळे सूज शिल्लक असतानाही डीएएस गोंडस दिसतो.

२८ सांधे कोणते हे रेसिडेंट बदलला की दर वेळी नव्याने शिकवावं लागतं: खांदे २, कोपर २, मनगटं २, बोटांच्या मुळाचे १०, बोटांचे मधले १० (यात अंगठ्याचा एक सांधा धरला जातो), गुडघे २. नखाशेजारचे शेवटचे सांधे यात नाहीत. तिथल्या हाडाच्या गाठी ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या (सांध्यांच्या झिजेच्या), त्या सूज म्हणून मोजायच्या नाहीत. दाबताना आपल्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतपत जोर द्यायचा. घोटे आणि पावलं २८ मध्ये येत नाहीत, आणि बऱ्याच जणांचा आजार नेमका तिथेच धुमसत असतो. म्हणून शिक्क्यावर 'पावलं: सूज आहे / नाही' अशी वेगळी ओळ ठेवा. स्कोअरमध्ये धरू नका, पण चप्पल काढून बघितलंच पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक ठिकाणी निर्देशक असतो 'स्कोअर लिहिला का?' तो महिन्याभरात ९५ टक्क्यांवर जातो आणि पेशंट आहे तिथेच राहतो. तुम्ही जोडीने मोजा: स्कोअर १० च्या वर होता, तर त्या भेटीत उपचारात काही बदललं का? आजार जोरात असताना दर १ ते ३ महिन्यांनी तपासायचं, ३ महिन्यांत सुधारणा दिसली नाही किंवा ६ महिन्यांत लक्ष्य गाठलं नाही तर औषध बदलायचं, हे आता जगभर मान्य आहे. बदल म्हणजे काय तेही आधी लिहून ठेवा. मेथोट्रेक्सेटचा (आरएच्या नेहमीच्या औषधाचा) डोस वाढवला, गोळीऐवजी इंजेक्शन दिलं, दुसरं डीएमएआरडी (मूळ आजारालाच आवर घालणारं औषध) जोडलं, बायोलॉजिक (जैविक औषध) किंवा जेएके इनहिबिटर (टोफासिटिनिबसारखी गोळी) सुरू केलं, तर बदल. न बदलण्याचं कारण लिहिलं असेल (इन्फेक्शन, गरोदरपणाचा विचार, दुखणं गुडघ्याच्या झिजेचं, पेशंटची तयारी नाही) तर तेही पास. नुसतं स्टेरॉइड वाढवलं तर नापास.

आकडेमोड_सदाशिव

वरचं सगळं मान्य. माझी भर छेदाबद्दल. अंश सगळे नीट मोजतात, गोंधळ नेहमी छेदात असतो.

आरएचा पेशंट कोणाला म्हणायचं? केसपेपरवर 'आरए' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. 'आरए फॅक्टर पॉझिटिव्ह' एवढ्याच कारणाने शिक्का बसलेले त्यात असतात. आणि पुण्यात चिकनगुनियाची साथ येऊन गेली की पुढचे काही महिने मनगट-बोटं सुजलेले पेशंट येतात, ते हुबेहूब आरएसारखे दिसतात. त्यातले बरेच आपोआप बरे होतात आणि तुमचा 'रेमिशन'चा आकडा फुकटात सुधारतो. म्हणून ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने निदान पक्कं केलेलं, आयसीडी-१० (आजारांची आंतरराष्ट्रीय यादी) कोड एम०५ किंवा एम०६, आणि तुमच्याकडे किमान दोन भेटी, असे तिन्ही जुळणारेच छेदात घ्या. एम०६ मध्ये आरए सोडून इतरही काही आजार येतात, तेव्हा फाइल उघडून खात्री करायची.

गळालेले पेशंट. हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि शेवटी विचारलात. समजा एका तिमाहीत ४० नवे पेशंट नोंदले. ६ महिन्यांनी त्यातले २२ येत आहेत आणि १३ जणांचा सीडीएआय १० किंवा खाली आहे. १३ भागिले २२ केलं तर ५९ टक्के, व्यवस्थापन खूश. १३ भागिले ४० केलं तर साडेबत्तीस. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. बरं वाटलं म्हणून आले नाहीत असं गृहीत धरायची मुभा घेऊ नका. उलटी झाली म्हणून मेथोट्रेक्सेट सोडून गावात 'सुई' घेणारेही त्याच १८ जणांत असतात. सिस्टरने फोन करून तीनच गोष्टी विचारायच्या: औषध चालू आहे का, कुठून घेता, का थांबवलं. फोन लागला नाही तर 'माहीत नाही' असा वेगळा रकाना, पण छेदातून काढायचं नाही.

हंगामही लक्षात ठेवा. ऊसतोडीला गेलेली माणसं दिवाळीनंतर दिसत नाहीत ती थेट उन्हाळ्यात. जानेवारी-मार्चचा आकडा पडला म्हणून डॉक्टरांना जाब विचारायच्या आधी मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून बघा. आणि अशा पेशंटना ऑक्टोबरच्या भेटीतच किती आठवड्यांचं औषध दिलं, रक्त कुठे तपासायचं ठरलं, हे लिहिलेलं असलं पाहिजे.

फाइली ३० पुरतात, पण त्यातून किती बोलायचं याला मर्यादा आहे. ३० पैकी १८ म्हणजे ६० टक्के. खरा आकडा साधारण ४२ ते ७५ च्या मध्ये कुठेही असू शकतो. त्यामुळे एका तिमाहीत ६० आणि पुढच्या तिमाहीत ६७ झालं तर ती प्रगती नव्हे. दर महिन्याला मोजा, आलेख काढा, मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) आखा. सलग ६ किंवा जास्त बिंदू मध्यकाच्या एकाच बाजूला गेले तरच काहीतरी बदललं म्हणा. फाइली निवडताना ओपीडी रजिस्टरमधून दर पाचवी किंवा दहावी नोंद घ्यायची. 'सिस्टर, जरा ३० फाइली काढून ठेवा' असं सांगितलं की चांगल्या भरलेल्या, वरच्या वर असलेल्या जाड फाइलीच येतात. हमखास.

औषधाची_खिडकी

फार्मसीच्या बाजूने. तुमच्या यादीत सुरक्षेचा एक तरी निर्देशक हवा, आणि तो मेथोट्रेक्सेटचा हवा. आठवड्यातून एकदा घ्यायचं औषध चुकून रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावतो.

केसपेपरवर बघायचं ते असं. वार मराठीत पूर्ण लिहिलाय का: 'फक्त रविवारी'. 'आठवड्यातून एकदा' एवढं पुरत नाही. किती मिलिग्रॅम आणि किती गोळ्या, दोन्ही लिहिलंय का? बाजारात २.५, ५, ७.५, १०, १५ अशा सगळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात. १५ मिलिग्रॅमसाठी मागच्या वेळी साडेसातच्या दोन घेणाऱ्याला या वेळी पंधराची स्ट्रिप मिळाली की तो सवयीने दोनच घेतो. एका पेशंटला कायम एकाच ताकदीची गोळी द्यायची, हा नियम खिडकीवर पाळता येतो. फॉलिक ॲसिड वेगळ्या वारी आणि वेगळ्या पाकिटात. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान आणि पिवळ्या असतात, चष्मा नसला की एकच.

तपासण्या: सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (लिव्हर), क्रिएटिनिन (किडनी). सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिले ३ महिने दर २ ते ४ आठवड्यांनी, मग ३ ते ६ महिन्यांच्या काळात दर ८ ते १२ आठवड्यांनी, पुढे दर १२ आठवड्यांनी. निर्देशक 'तपासणी झाली का' एवढाच ठेवू नका. रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिल्याची सही आणि तारीख आहे का ते बघा. एसजीपीटी १४० चा रिपोर्ट फाइलीत स्टेपल केलेला आणि खाली 'रिपीट ऑल' असं प्रिस्क्रिप्शन, हे चित्र कुठल्याही ऑडिटमध्ये निघतं.

कोट्रायमॉक्साझोल (लोक सेप्ट्रान म्हणतात) मेथोट्रेक्सेटसोबत गेलं की बोन मॅरो दबू शकतो. लघवीच्या इन्फेक्शनला गावचे डॉक्टर ते लिहून देतात. पेशंटच्या कार्डावर लाल अक्षरात छापा.

हडपसर_क्वालिटी

खूप उपयोगी, धन्यवाद. दोन अडचणी. बाहेरगावचे लोक रक्त तिकडेच तपासतात, आमच्या लॅबच्या कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही. आणि ० ते १० वर त्रास सांगा म्हटलं की पेशंट गोंधळतात. सिस्टर म्हणतात 'काहीतरी ५ लिहून टाकते'.

औषधाची_खिडकी

बाहेरच्या रिपोर्टचा फोटो ओपीडीच्या मोबाइलवर मागवा, पण आकडे कार्डावर हाताने उतरवायचे: तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीपीटी, क्रिएटिनिन. सहा रकाने, बस. नुसता फोटो मोजायचा नाही, तो गॅलरीत हरवतो.

हात_पाय_थेरपी

त्या '५ लिहून टाकते'ने तुमचा सीडीएआय निकामी होतो. कारण सौम्य आणि मध्यम यांच्यातली रेघ १० वर आहे आणि पाचातले दोन-तीन इकडचे तिकडे झाले की पेशंट रेघ ओलांडतो.

गोंधळ दोन प्रकारचा असतो. पहिला, पेशंट परीक्षेचे मार्क देतात. १० पैकी ८ म्हणजे 'छान आहे' असं त्यांच्या डोक्यात. म्हणून आकडा विचारायच्या आधी दोन्ही टोकं बोलून दाखवा: 'शून्य म्हणजे सांधेदुखी जणू नाहीच, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. आज कुठे?' आणि उत्तर आल्यावर उलट विचारा, 'म्हणजे त्रास जास्त आहे ना?' दुसरा, वयस्कर मंडळी आण्यात बोलतात. 'बारा आणे फरक आहे' हे आजचं दुखणं नव्हे; आधीपेक्षा किती सुधारलं ते आहे. त्याला परस्पर ७.५ किंवा २.५ करून टाकू नका. 'मग उरलेलं किती, आजच्या घडीला?' असं विचारून पट्टीवर बोट ठेवायला सांगा. पट्टी १० सेंटिमीटरची, लॅमिनेट करून टेबलाला बांधून ठेवा. मोकळी ठेवली तर आठवड्यात गायब.

आकडा डॉक्टरांनी तपासायच्या आधी घ्या. आत जाऊन 'रिपोर्ट चांगले आहेत हो' हे ऐकलं की आकडा दोनाने उतरतो.

दुसरं, तुमच्या यादीत कामं किती जमतात याचा निर्देशकच नाही. त्यासाठीची मूळ प्रश्नावली, एचएक्यू, २० प्रश्नांची आहे. आपल्याकडे १२ प्रश्नांची भारतीय आवृत्ती वापरतात: साडी किंवा पायजम्याची नाडी बांधणं, मांडी घालून किंवा उकिडवं बसणं, नळ उघडणं, रिक्षात चढणं-उतरणं, भाजी मंडईत जाणं, ३ किलोमीटर चालणं, असे. प्रत्येकाला ० ते ३, सरासरी काढायची. वर्षातून दोनदा पुरे, दर भेटीला नको. विचारताना एक फसगत असते: 'करता का?' विचारलं तर 'नाही, सून करते' असं उत्तर येतं. 'करायची वेळ आली तर जमेल का?' असं विचारायचं. जुन्या आजारात बोटं वाकडी झालेल्यांचा एचएक्यू सूज गेली तरी फार खाली येत नाही, त्यामुळे २ वर्षांच्या आतले आणि जुने असे दोन गट वेगळे मोजा.

सांधे_२८

थेरपीचा मुद्दा बरोबर. त्यात एक जोडतो: जिच्या सीडीएआयमध्ये सांधे दोनच आहेत पण जी स्वतःचा त्रास ८ सांगते, तिथे औषध वाढवायच्या आधी गुडघ्याची झीज, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा आजार), झोप, नैराश्य बघायचं. अशा पेशंटला 'बदल नाही' म्हणून नापास केलंत तर डॉक्टर निर्देशकासाठी औषध वाढवतील. म्हणून वर 'कारण लिहिलं असेल तर पास' म्हटलं.

आकडेमोड_सदाशिव

इथे थोडा मतभेद. 'कारण लिहिलं तर पास' ही पळवाट फार लवकर रुंद होते. तीन महिन्यांनी सगळ्या फाइलींवर 'पेशंट अनिच्छुक' दिसेल. कारणासह पास झालेले वेगळ्या रंगात दाखवा आणि तेच कारण सलग दोन भेटींत आलं तर फाइल चर्चेला घ्या.

सांधे_२८

हे चालेल. सलग दोन भेटींची अट चांगली आहे.

स्टेरॉइडचं राहिलं. चांगल्या सीडीएआयच्या शेजारी स्टेरॉइडचा डोस छापला नाही तर तो आकडा अर्धवट. रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दिलं की कोणाचेही सांधे छान दिसतात. हाडं, साखर आणि मोतीबिंदूचं बिल नंतर येतं. निर्देशक असा ठेवा: उपचार सुरू होऊन ६ महिने झालेल्यांपैकी रोज ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोनवर किती टक्के. डेफ्लाझाकॉर्ट लिहिलेलं असेल तर ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोन ५, असं रूपांतर करून घ्या, नाहीतर त्या फाइली निसटतात. आणि बिननावाच्या पुड्या, 'वाताची गोळी', गावची इंजेक्शनं यांची चौकशी दर भेटीला; त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असणं नवीन नाही. 'दुसरं काही घेता का?' याला उत्तर 'नाही' येतं. 'वातासाठी आणखी कोणाचं औषध चालू आहे?' याला खरं उत्तर येतं.

टीबीच्या तपासणीचा निर्देशक बायोलॉजिकपुरता ठेवू नका. जेनेरिक टोफासिटिनिब स्वस्त झाल्यापासून ते भराभर लिहिलं जातं आणि ते गोळीत असल्यामुळे 'बायोलॉजिक' रजिस्टरमध्ये येतच नाही. छेद असा: बायोलॉजिक किंवा जेएके इनहिबिटर नव्याने सुरू केलेले सगळे. अंश: पहिल्या डोसच्या आधी छातीचा एक्स-रे, मांटू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्तातली टीबी तपासणी), आणि एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी), तिन्हीचे निकाल तारखेसह. औषध सुरू झाल्यानंतरच्या तारखेची तपासणी नापास. स्टेरॉइड चालू असताना मांटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे टिपणीत असू द्या.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या आरएच्या आणखी एका औषधाला वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमची मर्यादा. ४५ किलोच्या बाईला सरसकट ४०० लिहिलेलं सापडेल. वजनाचा रकाना रिकामा असेल तर हे कळणारच नाही, म्हणून वजन आधी.

हडपसर_क्वालिटी

उशिरा येण्याचं काय? ब्रिटनमध्ये ३ आठवड्यांत तज्ज्ञांची भेट असं काहीतरी मानक आहे ना?

आकडेमोड_सदाशिव

हो, नाइसच्या (तिथल्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेच्या) मानकांत रेफर केल्यापासून ३ आठवड्यांत तज्ज्ञांची तपासणी आहे. तिथे फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी आणि तिची तारीख असते. आपल्याकडे अर्धे पेशंट शेजारणीने पत्ता दिला म्हणून येतात, तेव्हा ते मानक जसंच्या तसं उचलता येत नाही. उशीर तीन तुकड्यांत लिहा: सूज सुरू झाल्यापासून पहिल्या डॉक्टरपर्यंत, तिथून तुमच्या ओपीडीपर्यंत, आणि तुमच्या पहिल्या भेटीपासून पहिल्या डीएमएआरडीपर्यंत. जबाबदारी तुमची फक्त तिसऱ्या तुकड्याची. पहिले दोन माहितीसाठी. सुरुवातीची तारीख कोणी सांगत नाही, सण सांगतात. 'पालखी आली होती तेव्हा', 'गणपतीच्या आधी' असं. टेबलावर मागच्या दोन-तीन वर्षांच्या सणांची तारखांसह यादी ठेवा, महिन्यापर्यंतची अचूकता मिळते आणि तेवढी पुरे. सरासरी काढू नका. ६ वर्षं उशिरा आलेला एकच पेशंट ती बिघडवतो. मध्यक घ्या.

एकूण निर्देशक सहाच्या वर नेऊ नका: स्कोअर आणि बदल यांची जोडी, ६ महिन्यांचा निकाल (दोन्ही छेदांनी), स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेटचा वार आणि तपासणी, टीबी, एचएक्यू. लसी, हाडांची घनता, बीपी-साखर हे महत्त्वाचं आहे, पण दुसऱ्या वर्षी.

हात_पाय_थेरपी

आणि फॉर्म वाढवू नका, शिक्का करा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास दोन दिवसांत करून मिळतो. साधारण १० बाय ६ सेंटिमीटर: डावीकडे दोन हातांचं आणि गुडघे-कोपर-खांद्यांचं रेखाचित्र, उजवीकडे चार आकडे, बेरीज, पावलं, वजन, स्टेरॉइड मिलिग्रॅम, 'बदल: हो / नाही / कारण'. दुखणाऱ्या सांध्यावर फुली, सुजलेल्यावर गोल. शाई निळी घ्या, काळ्या शाईत डॉक्टरांच्या खुणा दिसत नाहीत.

आकडेमोड_सदाशिव

ऑडिटच्या शीटवर नाव-मोबाइल नको, फक्त नोंदणी क्रमांक; नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कपाटात. अंतर्गत सुधारणेसाठी वापरणार असाल तर हे पुरतं. पुढे कुठे निबंध म्हणून द्यायचा विचार असेल तर पहिली फाइल उघडायच्या आधी एथिक्स कमिटीला पत्र द्या. नंतर दिलेलं पत्र ते घेत नाहीत.